हार्ड डिस्क घेताना बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या

हैदराबादच्या ज्या दुकानदाराकडून मी ८ टीबीच्या चार डिस्क मागवल्या, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर स्वच्छ लिहिलं होतं : नॅससाठी हव्यात, चारही सीएमआर, चारही एकाच मॉडेलच्या. ‘ओके साब’ असं उत्तर देऊन त्यानं पैसे घेतले. तो मेसेज मी जपून ठेवलाय, कारण आता तो म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं.

घरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या पेटीत, ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये होत्या, म्हणजे एक गेली तरी डेटा टिकतो अशा मांडणीत. घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, फोटो, शिवाय आजोबांच्या वेळचे निजामशाहीतले जमिनीचे उर्दू कागद स्कॅन करून ठेवलेले. जागा संपत आली. एक जुनी काढायची, नवी घालायची, रिबिल्ड पुरं होऊ द्यायचं, मग पुढची, अशी ही पद्धत. रेड ५ मध्ये चारही बदलल्याशिवाय वाढीव जागा मिळत नाही.

पहिल्या दोन एकेका रात्रीत बसल्या. तिसरीही सुरुवातीला सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगानं धावत होती. दुपारी बघतो तर वेग दहाच्या खाली. पंखा, तापमान, सगळं ठीक. ‘शिल्लक वेळ’ तासांवरून दिवसांवर गेला. रात्री नॅसनं ती डिस्क बाद केली आणि बीप सुरू झाला. म्हणजे आता उरलेल्या तीनपैकी एक जरी गेली असती तरी सगळं संपलं असतं. तेव्हा मी पडद्यावरचे मॉडेल नंबर एकाखाली एक लिहून काढले. कंपनी तीच, ८ टीबी तेच, तिसरीचा नंबर मात्र वेगळा. कंपनीच्या तक्त्यात शोधला. साध्या कॉम्प्युटरची डिस्क, पुढे लिहिलेलं : एसएमआर. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. दुकानदाराकडे नॅसच्या तीनच होत्या, चौथीच्या जागी त्यानं ही खपवली आणि पैसे नॅसच्या डिस्कचे लावले.

सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारीशेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर त्यावरची उचलावी लागतात. रोजच्या वापरात डिस्कमधला राखीव भाग हे झाकून नेतो, पण रिबिल्डमध्ये तासन्तास सलग लिहिणं चालतं. राखीव भाग भरला की वेग कोसळतो, डिस्क वेळेत उत्तर देत नाही आणि नॅस तिला मेलेली समजतो. २०२० साली काही मोठ्या कंपन्यांनीच न सांगता असल्या डिस्क विकल्याचं उघड झालं, तेव्हापासून मॉडेलवार तक्ते जाहीर झालेत. ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “चल री ना साब डिस्क? फिर और क्या होना?” पुढे म्हणाला, गावाकडे करंट नीट नसतो, त्यानं झालं असेल. माझ्याकडे यूपीएस आहे, आणि त्या दिवशी करंट गेलाही नव्हता. सीएमआर म्हणजे काय ते गावाकडच्या माणसाला कळत नसेल, असं त्यानं धरलेलं होतं, याची चीड अजून जात नाही. सदोष माल निर्दोष म्हणून विकणाऱ्याला याज्ञवल्क्यस्मृतीत किमतीच्या दुप्पट दंड सांगितलाय, आणि त्या स्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वरानं आमच्या याच बसवकल्याणात लिहिली!

डेटा वाचला तो जुन्या डिस्कमुळे. काढलेली ४ टीबीची मी पुसली नव्हती, विकलीही नव्हती. जागा अजून वाढवलेली नसल्यानं तीच परत घालता आली. नॅस तिला नवीनच समजतो, पुन्हा रिबिल्ड करतो, पण ते पुरं झालं. म्हणून चौथी बसून जागा वाढेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका. नवी डिस्क आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून मॉडेल नंबर बघा, स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची, लांब टेस्ट लावा, मगच नॅसमध्ये घाला. हात घालण्याआधी महत्त्वाचं सगळं वेगळ्या यूएसबी डिस्कवर उतरवा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. यूपीएस हवाच.

बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या. माझ्या बिलावर त्यानं नुसतं ‘८ टीबी हार्ड डिस्क, ४ नग’ लिहिलंय, आणि आता त्याच्याच आड लपतोय. पण हैदराबादला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बिदर. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद करा. मी केली आहे. डिस्क, बिल आणि त्याचा तो ‘ओके साब’ घेऊन मी बिदरला जाणार आहे.