पासपोर्ट संपत आलाय, भारतात येऊ का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला यायचे आहे, पण भारतीय पासपोर्टची मुदत तीनच महिने उरली आहे. सहा महिने मुदत नसेल तर विमानात बसू देत नाहीत, असे मित्र म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : येताना नाही. सहा महिन्यांची अट परक्या देशात शिरताना लागते. भारतीय नागरिकाला चालू मुदतीच्या पासपोर्टवर मायदेशी येता येते. शक्यतो थेट विमान घ्या. वाटेत तिसरा देश असेल तर तिथले नियम आधी विमान कंपनीला विचारा.

खरी मेख परतीच्या प्रवासात आहे. अमेरिकेत शिरताना मिळणाऱ्या आय-९४ नोंदीवरची तारीख बहुधा पासपोर्टच्या मुदतीपाशीच तोडली जाते, मग व्हिसा, नोकरीची मंजुरी पुढची असली तरी. ही तारीख लोक बघतही नाहीत आणि महिन्यांनी वकिलाकडे धावतात. म्हणून नवा पासपोर्ट हाती घेऊनच परता. मुदतीआधी वर्षभर नूतनीकरण करता येते, तेव्हा वेळ असेल तर तिथूनच करा. इथे करायचे तर तत्काळचा पर्याय आहे. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये आणि तत्काळचे २,००० वेगळे. मात्र लग्नाच्या धावपळीत ते अगदी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. रद्द केलेला जुना पासपोर्ट मागून घ्या. त्यातला अमेरिकी व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट हँडबॅगेतच ठेवा.