किनाऱ्याकडून पठाराकडे

दक्षिण अमेरिका खंडाचा जवळजवळ अर्धा भाग ब्राझील या एकाच देशाने व्यापलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटींहून अधिक आहे. परंतु २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या अवघी २० कोटी ३० लाख भरली. आणि त्यांतीलही बहुसंख्य लोक अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याजवळच्या प्रदेशात राहतात. एवढी विस्तीर्ण भूमी असता माणसे एका कडेलाच का बरे दाटली?

याचे उत्तर त्या देशाच्या व्यापारात सापडते. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी तेथे उतरले. तांबडा रंग देणारे एक लाकूड हा त्यांचा पहिला माल होय. त्या लाकडावरूनच देशास ब्राझील हे नाव पडले. पुढे किनाऱ्यालगत उसाचे मळे पसरले. साखर जहाजांत भरून युरोपास धाडावयाची, म्हणून मोठी शहरे वसली ती बंदरांच्या ठिकाणी. प्रथम साल्वादोर व १७६३ पासून रिओ दि जानेरो, या दोन्ही राजधान्या समुद्रकाठच्याच होत्या. याच पोर्तुगीजांनी ब्राझीलचा काजू गोव्यात आणला. आज आपल्या कोकणातही त्याच्या बागा डोलत आहेत. तिकडच्या उसाच्या मळ्यांत मात्र आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम राबत होते. तेथील गुलामगिरी नष्ट होण्यास १८८८ साल उजाडावे लागले.

देशाचा अंतर्भाग अगदीच निर्जन नव्हता. तेथे मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती पूर्वापार राहत होत्या. परंतु रस्ते नव्हते, बाजार नव्हते. राजधानी मध्यभागीच्या पठारावर न्यावी, असे १८९१ च्या राज्यघटनेत नमूद झाले होते. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी ते काम हाती घेतले. नगराचा आराखडा लुसिओ कॉस्ता यांनी आखला, तर प्रमुख इमारतींची रचना ऑस्कार नीमायर यांनी केली. चार वर्षांच्या आत, २१ एप्रिल १९६० रोजी, ब्राझिलिया ही नवी राजधानी झाली.

नव्या रस्त्यांबरोबर वस्ती आत सरकली. पठाराची माती आम्लधर्मी. तीत चुना मिसळून शास्त्रज्ञांनी ती पिकाऊ केली. आज ब्राझील सोयाबीनच्या उत्पादनात जगात अग्रेसर आहे. तथापि, याच शेतीपायी पठारावरील विस्तीर्ण रानेही नाहीशी झाली.

आणि ही राजधानी बांधली कोणी? ईशान्येकडील दुष्काळी मुलुखातून व इतर प्रांतांतून आलेल्या हजारो मजुरांनी. परंतु आखीव नगरात त्यांच्यापैकी बहुतेकांस जागा मिळाली नाही. १९५८ मध्येच, म्हणजे उद्घाटनापूर्वी, त्यांच्यासाठी सुमारे २० किलोमीटरांवर ताग्वातिंगा हे उपनगर वसवावे लागले. नगराची भव्यता पाहताना, ज्यांनी ते उभारले त्यांना तेथे घर मिळाले काय, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.