डॉक्टरला माहीत असतं, तरी चिठ्ठीवर उतरत नाही

नीट-पीजीचा निकाल लागला की समुपदेशकांचे फोन वाजू लागतात. ‘या रँकला रेडिऑलॉजी मिळेल का? निदान डर्मा?’ विचारणारे बहुधा आई किंवा वडील. एमबीबीएस झालेला मुलगा शेजारी गप्प असतो.

रेडिऑलॉजी गरजेचं शास्त्र आहे. आवडत असेल त्याने जरूर घ्यावं. पण ‘रात्री-बेरात्री उठावं लागत नाही’ एवढ्याच कारणावरून मुलाचं आयुष्य पालकांनी ठरवणं चूक आहे. त्या गोंधळात एक काम कुणाच्या यादीतच येत नाही: सिद्ध झालेला उपचार पेशंटपर्यंत पोचवणं.

ओआरएसचंच बघा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती, सलाइन संपत चाललं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पाजायला नातेवाइकांनाच शिकवलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांखाली आलं. त्याला अर्धशतक झालं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६१ टक्क्यांनाच ओआरएस मिळालेलं दिसतं. झिंक तर जेमतेम ३० टक्क्यांना.

का? डॉक्टरांना ठाऊक नसतं म्हणून? बिहार आणि कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांत संशोधकांनी प्रशिक्षित माणसं आजारी मुलाचे पालक म्हणून पाठवली. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेलं उत्तर विचार करायला लावणारं आहे. सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के वाटा असलेलं, म्हणजे ‘पेशंटला ओआरएस नकोच असतं’ हा डॉक्टरांचा समज. साठा नसण्याचा वाटा फक्त ६ टक्के, जास्त नफ्याच्या औषधांचा ५. पालकाने ओआरएस हवं असं सुचवलं की ते देण्याचं प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढलं.

म्हणजे नवं औषध नको होतं. दवाखान्यात नेमकं काय अडतं, हे शोधणारं माणूस हवं होतं.

हेच रक्तदाबाचं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा इथे एक साधी, पायऱ्यापायऱ्यांची उपचारपद्धती प्राथमिक आरोग्य केंद्रांत उतरवली गेली. पहिली गोळी कोणती, आकडा उतरला नाही तर पुढे काय, सारं ठरलेलं. पण गोळ्यांचा साठा महिनोन्‌महिने टिकवणं आणि न आलेल्या पेशंटला फोन करणं, याची घडी कुणाला तरी बसवावी लागते. ते कौशल्य आहे, शिकावं लागतं.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा आहेत. एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिन किंवा पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. इतर पदवीधरांनाही एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, खुली असते; मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही जुनी नावं. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. नेमणुका मात्र बहुतांश कंत्राटी आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

‘पीएसएम घेतलं तर लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. लोकांना रँक आठवणार नाही, मुलाला मात्र रोज सकाळी कामावर जायचं आहे. शंका असेल तर त्याने जवळच्या आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन आठवडाभर बसावं, रक्तदाबाच्या पेशंटची कार्डं चाळावीत, महिनाभर न आलेल्यांची नावं काढावीत. त्या आठवड्यात आईवडिलांनी निकालाचा विषय काढू नये.