विषयांतर

निबंध तपासतांना शिक्षक समासांत ‘विषयांतर’ असा शब्द लिहितात. तो वाचून तुम्ही खिन्न होतां. परंतु विषयांतर म्हणजे नेमकें काय, याचा विचार फारच थोडे करितात. तो आज करूं.

मुख्य विषय सोडून दूर जाणें हा सर्वस्वीं दोष नव्हे. आपल्या जिल्ह्यांतील तेर येथील संत गोरा कुंभाराचें आख्यान तुम्ही कीर्तनांत ऐकलें असेल. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगांत बुवा एखादा अभंग घेऊन त्याचें निरूपण करितात; उत्तररंगांत कथा लावितात. गोरोबांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं पारखलीं, नामदेव कच्चें मडकें ठरले, श्रोते हंसले; तरी शेवटीं बुवा मूळ अभंगावर परत येतात. तेव्हां कळतें कीं, ती कथा म्हणजे त्या अभंगाचाच अर्थ होता.

पवित्र शास्त्रांतही असेंच दिसतें. लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांत एक शास्त्री विचारतो कीं, माझा शेजारी कोण? प्रभु येशू व्याख्या न देतां यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो. मात्र ती संपतांच, तिघांपैकीं शेजारी कोण ठरला, असें त्यालाच विचारतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत पौल आरंभींच वाक्य अर्धें सोडून दुसरीकडे वळतो, आणि १४ व्या वचनांत तेच शब्द पुन्हां उच्चारून सुटलेला धागा उचलतो.

तेव्हां कसोटी ही: गेलेला परत आला काय, व येतांना कांहीं घेऊन आला काय?

ही कसोटी आम्हांस उशिरा कळली. एके वर्षीं आम्हीं तेरणा नदीवर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलानें नदीच्या कोरड्या पात्राविषयीं चार ओळी लिहिल्या आणि पुढें घरची बैलजोडी बाजारांत विकल्याची हकीकत पानभर लिहिली. आम्हीं त्या पानावर तांबडी रेघ ओढून गुण कापले. वही हातीं येतांच तो हळूच म्हणाला, “गुरुजी, नदीला पाणी असतं तर बैल कशाला इकले असते?”

आम्ही निरुत्तर झालों. त्यानें विषय सोडलाच नव्हता. दोन परिच्छेदांमधील एका वाक्याचा सांधा तेवढा राहिला होता. तो दाखवून देणें हें आमचें काम होतें. आम्हीं रेघ खोडली, आणि तें वाक्य त्याच्याच हातानें लिहवून घेतलें.

म्हणून लिहावयास बसण्यापूर्वीं आपला विषय एका वाक्यांत मांडा. प्रत्येक परिच्छेद संपतांच त्या वाक्याकडे पाहा. संबंध असेल तर तो स्पष्ट लिहा. नसेल तर मजकूर कितीही गोड असो, तो गाळा.

पालकांसही एक विनंति. मूल बोलतां बोलतां भरकटलें, तर त्यास एकदम गप्प करूं नका. “बरें, मग याचा त्याच्याशीं संबंध काय?” एवढेंच विचारा. कदाचित् त्याच्या मनांतली खरी गोष्ट त्या आडवाटेवरच असेल.