करणीचा दोरा आणि मैत्रीचे नाते



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या समाजाला धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून देव्हारे गेले. परंतु पुष्कळ घरांत देव गेले तरी भीती मागे राहिली. पोर तापाने फणफणले, म्हैस आटली, सुनेला दिवस जात नाहीत, की कोणीतरी हळूच म्हणते, “बाहेरचं बघा.” मग दिवसा बुद्धवंदना म्हणणारा माणूस रात्री देवऋषाच्या दारात उभा राहतो. आजचा पाठ या भीतीविषयी आहे.

१. करणी मानणारे काय मानतात?

त्यांच्या मते दोन माणसांमध्ये एक अदृश्य दोरा बांधता येतो. त्यासाठी ज्याच्यावर करणी करावयाची त्याचे केस, नखे, अंगावरचा कपडा, पायाखालची माती किंवा फोटो लागतो. हा दोरा टिकविण्यासाठी दर अमावास्येला काहीतरी करीत राहावे लागते, आणि तो तोडण्यासाठीही तसेच. नारळ, लिंबू, कोंबडे यांचा खर्च संपत नाही. हल्ली शिकलेली माणसे यालाच ‘ऊर्जेचे बंध’ आणि ‘लहरी’ म्हणू लागली आहेत. नाव बदलले, माल तोच आहे.

आपल्या खंडाळ्याच्या शेजारी, वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईचे ठाणे आहे. तेथील झाडांना खिळ्यांनी ठोकलेल्या काळ्या बाहुल्या, लिंबे आणि माणसांचे फोटो अनेकांनी पाहिलेले आहेत. दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून माणूस एवढा डोंगर चढतो!

याच डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत चेंगराचेंगरी झाली व अडीचशेहून अधिक माणसे मेली. ती आपल्यासारखीच गरीब, गाऱ्हाणे घेऊन आलेली माणसे होती. ती कशाने मेली? अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अफाट गर्दी आणि दुकानांना लागलेली आग. सारी कारणे डोळ्यांना दिसणारी होती. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हीच तथागतांची शिकवण आहे.

२. हा विचार कोठे चुकतो?

जेम्स फ्रेझर या पंडिताने १८९० साली ‘द गोल्डन बाउ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरच्या जादूटोण्यांमागे त्याला दोन समजुती आढळल्या. पहिली, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचा एकमेकींवर परिणाम होतो; म्हणून बाहुलीला टाचणी. दुसरी, एकदा अंगाला लागलेली वस्तू कायमची त्या माणसाशी जोडलेली राहते. म्हणून केस आणि नखे. मनात दोन गोष्टी जोडल्या गेल्या म्हणजे त्या जगातही जोडल्या गेल्या, असा हा घोटाळा आहे.

ऊर्जा हा शब्द शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. विजेला तार लागते. रेडिओला तार लागत नाही, पण लहरी सोडणारे केंद्र लागते, त्या पकडणारे यंत्र लागते, आणि त्या लहरी मोजता येतात. कापलेल्या नखातून काय निघते? ते कोणी मोजले? न्हाव्याच्या दुकानात रोज साऱ्या गावाचे केस पडतात. केसातून करणी होत असती, तर गावात एकही माणूस धड राहिला नसता.

३. मग माणूस आजारी का पडतो?

भीती मात्र खरी असते. ‘माझ्यावर करणी झाली’ असे मनाने घेतले की झोप उडते, अन्न गोड लागत नाही, छाती धडधडते. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली अशा भीतीचा शरीरावर होणारा परिणाम मांडला होता. बाहुली उंबऱ्यावर का ठेवतात? ती दिसली पाहिजे म्हणून! न दिसलेल्या बाहुलीची भीती कोणाला वाटेल?

आणि देवऋषी बोट कोणाकडे दाखवतो? विधवा भावजयीकडे, एकट्या म्हातारीकडे, शेजारणीकडे. एका घराचा ताप उतरत नाही आणि दुसऱ्या घरातली बाई गावातून उठते. अस्पृश्यतेचा डाग सोसलेल्या आपण दुसऱ्याला ‘करणीवाली’ हा डाग लावावा काय?

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

४. धम्माने कोणते नाते शिकविले?

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात मंत्रतंत्र, शकुन, अंगलक्षणे यांवर पोट भरणे हीन ठरविले आहे. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली, तेव्हा तथागतांनी दोरा बांधला नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. आपल्या आया मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. पण त्या मोहरीने गोतमीला घरोघरी नेले आणि दुःख साऱ्यांचे आहे हे दाखविले. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून निजविले. माणसाला माणसाशी जोडणारा बंध तो हा.

परित्राणपाठानंतर मनगटावर बांधलेला दोराही असाच समजावा. तो आपल्या संकल्पाची आठवण आहे. तो ताप उतरवीत नाही, विष उतरवीत नाही. मैत्रीभावनेनेही दूरच्या माणसाकडे काही वाहत जात नाही. तिने बदलते आपले मन, मग वाणी, मग वागणूक. म्हणून जिच्यावर संशय होता तिच्या दारी स्वतः जा, तिची विचारपूस करा. पोराला दवाखान्यात न्या, आणि जाताना तिलाच सोबत घ्या.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अजून कोणते गंडे-दोरे आहेत? ते कशाच्या भीतीने बांधले?
२. आपल्या वस्तीत ‘करणीवाली’ म्हणून कोणाला टाळले जाते काय? तिच्या घरी शेवटी कधी गेलात?
३. रात्री साप चावला, तर जवळचा दवाखाना कोणता आणि वाहन कोणाचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे काय?

जयभीम! नमो बुद्धाय!