दोर मी दिला होता

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं घर भरून जातं. दोन्ही लेकी, जावई, नातवंडं, एक नणंद. त्या वर्षी ऐन सणाच्या सकाळी, सांजोऱ्या तळणं चालू असताना, संडासातलं पाणी खाली जाईना. आधी भांड्यात गुडगुड झाली, मग मागच्या चेंबरच्या फरशीखालून काळं पाणी अंगणात आलं. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. टाकी बांधून ११ वर्षं झाली होती आणि तोवर एकदाही उपसली नव्हती. हे आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

तालुक्याहून मैला ओढणारी गाडी बोलावली. टाकीच्या झाकणावर आम्ही धुण्याचा दगड पक्का करून टाकलेला, तो फोडण्यातच तास गेला. गाडीनं वरचं पाणी वीस मिनिटांत ओढलं आणि गेली. आठ दिवसांनी पुन्हा तेच काळं पाणी.

दुसऱ्या खेपेला गाडीबरोबर आलेला पोरगा म्हणाला, "ताई, खाली घट्ट झालंय, पाइप ओढत नाही. मी उतरून खोऱ्यानं सैल करतो. पाचशे जास्त द्या." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात लेकरं, अंगणात घाण, मी हो म्हटलं. एवढंच करून थांबले नाही, गोठ्यातला दोर आणून त्याच्या हातात दिला. कमरेला बांध म्हटलं, काळजी घेतल्यासारखं.

त्यानं बांबूनं गाळ ढवळला आणि खाली बघायला काठावर पालथा पडून डोकं आत घातलं. शेजारचे नाना भिंतीपलीकडून ओरडले, "मझार उतरू नको रे भो, तुना जीव जाई!" उत्तर आलं नाही. नानांनी धावत येऊन त्याचे पाय धरून मागे ओढलं. कडुलिंबाखाली तो ओकत राहिला, बराच वेळ त्याला माझा चेहरा ओळखू येत नव्हता. ह्यांनी १०८ ला फोन लावला. पोरगा वाचला. माझ्या लेकीच्याच वयाचा असेल. उतरला असता तर माझ्या दोरानं त्याला वर काढायला कुणीतरी वाकलं असतं, बहुतेक ह्यांनीच.

असंच घडतं. ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर पडक्या विहिरीत पडलं. ती विहीर बायोगॅसच्या शेणासाठी वापरात होती. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात परभणीच्या सोनपेठ तालुक्यात शेतातली सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले.

कुजलेला गाळ ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. माणसाला वाटतं आता निवळलं, तेव्हाच तो सर्वांत जास्त धोक्यात असतो. जुनी माणसं कंदील सोडून पाहायची. ज्योत पेटती राहिली म्हणून हा वायू नाही असं होत नाही, आणि टाकीत मिथेन असला तर तीच ज्योत भडका उडवते. टाकीजवळ बिडीसुद्धा नको. कुणी आत पडलंच तर काळीज घट्ट करून वरच थांबा, १०१ किंवा ११२ ला फोन करा, लोकांना काठापासून दूर ठेवा. तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही साधत नाही.

मैला सफाईबद्दलच्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरमालकही त्यातून सुटत नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाही मला लाज वाटायला हवी होती.

आता टाकीबद्दल. टाकी नेहमी पाण्यानं भरलेलीच असते, तोच तिचा धर्म. वर तेलकट साय, तळाला गाळ, मधलं निवळ पाणी बाहेर शोषखड्ड्यात. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा झाला की उपसायची वेळ आली. साधारण घराला दोन-तीन वर्षं. आमचा गाळ साठून साठून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात गेला आणि तो बुजला. म्हणून वरचं पाणी ओढलेली टाकी आठ दिवसांत पुन्हा भरली आणि पुढं वाट न मिळाल्यानं पाणी उलटं फिरलं. त्यात आमची काळी माती, ओली झाली की फुगते आणि पाणी पिऊ देत नाही. शेवटी नवा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला, विहिरीपासून ५० फुटांहून लांब.

वीस वर्षं टाकी उपसलीच नाही असं कुणी सांगितलं की मला आता त्यांच्या बोअरची काळजी वाटते. तळाला कोबा नसला तर मैला जमिनीत मुरत असतो, म्हणून टाकी भरत नाही.

घट्ट गाळासाठी दुसरी गाडी आणली. त्यांनी वरूनच पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ सैल केला आणि चार खेपांत ओढला. थोडा तळाशी मुद्दाम ठेवला, विरजणासारखा. ॲसिड आणि फिनाइल ओतणं बंद केलं, त्यानं कुजवणारे जिवाणू मरतात. हवेच्या पाइपाला डासांसाठी जाळी बांधली. टाकीच्या दोन्ही टोकांना झाकणं केली, आणि त्यावर काही ठेवायचं नाही.

सिन्नर आणि वाईच्या नगरपरिषदांनी २०१८ पासून घरांच्या टाक्या ठरावीक वर्षांनी उपसायची पद्धत घातली. आमच्या गावाला तशी सोय नाही, म्हणून गाडी मीच माघात बोलावते, पावसाळ्यात ती काळ्या मातीत रुतते. मैला कुठं टाकणार ते आधी विचारते. नाल्यात म्हणाला तर दुसरी गाडी शोधते.

मागच्या भिंतीवर तेलरंगानं उपसल्याचा महिना लिहिला आहे. त्याखाली नातवानं मला विचारून बाण काढला, झाकण कुठं आहे ते दाखवणारा.