वर्षभराची शिदोरी

सुगी संपली म्हणजे शेतकरी खळ्यावर धान्याची रास करतो. कोणत्या शेताने किती दिले, कोणते बियाणे फसले आणि पुढील पेरणीसाठी कोणते राखून ठेवावे, ह्याचा विचार तो त्या वेळी करतो. व्यापारी दिवाळीत नवी वही उघडतो. परंतु तत्पूर्वी जुन्या वहीतील जमाखर्च पाहण्यास तो चुकत नाही. वाचणारा मनुष्य मात्र असा हिशेब क्वचितच करतो. एक पुस्तक संपले की तो दुसरे हाती घेतो. वर्ष सरल्यावर आपण काय काय वाचले आणि त्यांपैकी आपल्यापाशी काय उरले, हे त्यालाच सांगता येत नाही.

हा हिशेब ठेवण्याचे साधन अगदी साधे आहे. त्यासाठी एक वही पुरते. तिच्यात प्रत्येक पुस्तकास एक पान द्यावे. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, वाचन संपल्याची तारीख आणि चार ओळींत आपले मत, एवढे लिहिले म्हणजे झाले. मत दुसऱ्याचे उसने घेऊ नये. पुस्तक आवडले नसेल तर तसेच लिहावे, आणि एकदा लिहिलेले मागाहून खोडू नये.

बीड जिल्ह्यातील एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, गुरुजींनी सातवीच्या वर्गास अशी वाचनवही ठेवण्यास सांगितले होते. त्या वर्गातील एका मुलीच्या वहीत जूनपासून एप्रिलपर्यंत चोवीस पुस्तकांची नोंद झाली. वार्षिक परीक्षा संपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता वही पहिल्या पानापासून वाचा. तुम्हांस सर्वांत प्रिय वाटणारी पाच पुस्तके निवडा, आणि ती का निवडली हे लिहा."

काम सोपे आहे, असे त्या मुलीस वाटले. पहिले पुस्तक तर ठरलेलेच होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिने जून महिन्यात एका दिवसात वाचून काढला होता. फुरसुंगीचा तो किडकिडीत मुलगा सायकलवरून सुसाट निघतो आणि संकटांत सापडून पुन्हा सुटतो. "ह्याच्यासारखे पुस्तक दुसरे नाही," असे तिने त्या पानावर लिहिले होते. ते वाचून तिला आताही हसू आले. त्या धावपळीची गोडी तिच्या मनातून गेली नव्हती.

पाने उलटता उलटता ती 'बहिणाबाईंची गाणी' ह्या पुस्तकाच्या नोंदीपाशी आली. खानदेशातील असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितावाचता येत नव्हते. घरात व शेतात काम करता करता त्या ओव्या रचीत आणि घरची मंडळी त्या उतरून घेत. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या. नंतर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव ह्यांनी त्या ओव्या आचार्य अत्रे ह्यांस दाखविल्या, आणि १९५२ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलीने वहीत लिहिले होते, "भाषा अवघड आहे. पुष्कळ शब्द कळले नाहीत." परंतु त्याखाली मागाहून लिहिलेली एक ओळ होती. एका संध्याकाळी तिने ती गाणी आजीस वाचून दाखविली होती. आजीही शाळेत गेलेली नव्हती. तिने एकेका शब्दाचा अर्थ सांगितला, आणि शेवटी ती म्हणाली, "ही बाई आपल्यातलीच हाय की गं!" त्या दिवसापासून आजी रोज संध्याकाळी नातीला पुस्तक आणण्याची आठवण करू लागली होती.

पुढे वीणा गवाणकर ह्यांच्या 'एक होता कार्व्हर' ह्या १९८१ सालच्या चरित्राचे पान आले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे अमेरिकेत गुलामगिरीत जन्मले, हालअपेष्टा सोसून शिकले आणि १८९६ साली टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत अध्यापक झाले. वर्षानुवर्षे कापूस घेऊन तेथील जमिनीचा कस गेला होता. भुईमूग व चवळी ह्यांसारखी शेंगांची पिके आलटून पालटून घेतल्याने जमीन सुधारते, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांस शिकविले. हे वाचून मुलीने वडिलांस विचारले होते, "बाबा, आपणही दरसाल कापूसच लावता ना?" वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला ते पान पुन्हा वाचावयास सांगितले.

डिसेंबर महिन्याच्या एका पानापाशी मात्र ती थबकली. ते पान व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या 'बनगरवाडी' ह्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे होते. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण शिक्षक जातो. प्रारंभी शाळेत मुले येत नाहीत. हळूहळू तो वाडीचाच होतो. सर्वांच्या श्रमातून तेथे तालीमही उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाडी सोडून जातात. वहीतील मत असे होते: "ह्या पुस्तकात काही घडत नाही. कंटाळा आला."

ते वाक्य तिनेच लिहिले होते, परंतु आता तिला ते आपले वाटेना. दिवाळीनंतर तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या मुलखात गेली होती. वर्गातील आणखीही काही मुले गेली होती. हजेरी घेताना गुरुजी त्यांची नावे वाचीत आणि क्षणभर थांबत. पुस्तक वाचले तेव्हा तो ओस पडत जाणारा गाव तिला दूरचा वाटला होता. पण त्यानंतरच्या महिन्यांत, शेजारची रिकामी जागा पाहताना, तिला त्या वाडीवरचा मास्तर कितीदा तरी आठवला होता. म्हणजे पुस्तक मिटले होते, परंतु ते तिच्या मनात चालूच राहिले होते.

पुस्तक वाचताना होणारा आनंद आणि पुस्तकाचे मनात मुरणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आनंद तत्काळ कळतो. मुरण्यास लोणच्याप्रमाणे दिवस लागतात. म्हणून वर्षाअखेर मागे वळून पाहणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. कोणते पुस्तक न उघडताही आठवते? कोणत्या पुस्तकाविषयी दुसऱ्यास सांगावेसे वाटले? आणि कोणत्या पुस्तकामुळे रोजची एखादी गोष्ट निराळी दिसू लागली? ह्यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर म्हणून जे पुस्तक पुढे येते, ते आपले झाले असे समजावे. जुने मत बदलले तर त्यात कमीपणा मानू नये. पुस्तकातील अक्षरे होती तशीच राहतात. वाचणारा वर्षभरात वाढलेला असतो. जुनी नोंद खोडावयाची नाही ती ह्यासाठीच. तिच्यावरून आपली वाढ आपल्याला मोजता येते.

त्या मुलीने आपली यादी तयार केली. 'बनगरवाडी' तिने पहिली ठेवली. नंतर 'बहिणाबाईंची गाणी', 'एक होता कार्व्हर' आणि फास्टर फेणे ह्यांस स्थान दिले. पाचवे पुस्तक विष्णुभट गोडसे ह्यांचे 'माझा प्रवास' हे होते. कोकणातील वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी त्या शहरात होता. त्याची हकीकत १९०७ साली छापली गेली. तो जसजसा पुढे जाई, तसतशी ती मुलगी नकाशावर बोट ठेवून त्याच्याबरोबर चालली होती.

गळिताचा हंगाम संपला आणि ऊसतोडीस गेलेली कुटुंबे गावी परत आली. मैत्रीण भेटावयास आली तेव्हा मुलीने तिला वही दाखविली. शाळेच्या पुस्तकपेटीतील पुस्तके सुट्टीत घरी नेण्यास गुरुजींची अनुमती होती. "ह्यांतले आधी कोणते वाचू?" मैत्रिणीने विचारले.

मुलीने थोडा विचार केला. आपल्याला जे सर्वांत प्रिय, तेच दुसऱ्याच्या हाती प्रथम द्यावे असे नाही, हे तिला एव्हाना कळले होते. तिने फास्टर फेणे काढून दिला. मैत्रीण मात्र वहीतील डिसेंबरचे पान वाचीत राहिली होती. "ह्या वाडीवरची मुले कुठे गेली?" तिने विचारले. मुलीस उत्तर देता आले नाही. मग मैत्रिणीने दोन्ही पुस्तके उचलली. घरी जाताना तिने दुकानातून एक कोरी वही विकत घेतली.

स्वाध्याय

१. वाचनवहीतील जुने मत खोडू नये, असे का म्हटले आहे?
२. 'बनगरवाडी'विषयी मुलीचे मत कशामुळे बदलले?
३. आनंद होणे व मनात मुरणे ह्यांतील फरक तुमच्या वाचनातील एका पुस्तकाच्या आधारे सांगा.
४. ह्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांपैकी तीन निवडा. प्रत्येकाविषयी पाच ओळी लिहा, आणि त्यांतील एक पुस्तक घरातील वडील माणसांस वाचून दाखवा.